जयपूरची मावठ, गुलमर्गचा बर्फ

जयपूर आणि बर्फ या दोन शब्दांचा एकत्र उच्चार केला तर ऐकणाराला प्रथम हसूच येईल. समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर, अरवलीच्या उघड्या टेकड्यांच्या कुशीत, वाळवंटाच्या उंबरठ्यावर वसलेले हे नगर. येथे बर्फ पाहावयाचा तो सरबताच्या पेल्यात, नाही तर उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर. तथापि, वाचकहो, हिवाळ्यात काश्मीरातील गुलमर्गच्या उतारांवर जो बर्फ साठतो, आणि ज्यावर पायाला स्की बांधून घसरण्याची हौस आता मध्यमवर्गीय कुटुंबांतही शिरली आहे, त्या बर्फाची चाहूल जयपूरच्या गच्चीवरून घेता येते, असे सांगितले तर त्यात अतिशयोक्ती नाही. ही चाहूल घेण्याची सवय ज्याला जडली, तो केवळ जाहिरातीतील शुभ्र चित्रांवर विसंबून तिकिटे काढीत नाही.

कारण बर्फाचा प्रवास हा इतर प्रवासांसारखा नव्हे. देवदर्शनाला गेलो आणि पाऊस आला तर छत्री उघडून देवळात जाता येते. येथे मात्र बर्फ पडला नाही तर वर्षभर बाजूला टाकलेले पैसे व्यर्थ जातात, मुले हिरमुसली होतात. आणि तो फार पडला, किंवा भलत्या रीतीने पडला, तर प्रसंगी जिवाशी गाठ पडते. बर्फ किती आहे एवढेच विचारून भागत नाही. तो कसा पडला, कोणत्या वाऱ्याने पडला, पडल्यानंतर त्याच्यावर किती रात्री गेल्या, हेही विचारावे लागते.

प्रथम तो येतो कोठून ते पाहू.

‘मावठा’ हा शब्द मराठी वाचकास परका नाही. पौष-माघात अवेळी आभाळ भरून येते, दोन सरी कोसळतात, आणि नाशिककडचा द्राक्षबागाईतदार व कोकणातला आंबेवाला कपाळाला हात लावून बसतो. राजस्थानात हिवाळ्यातल्या पावसाला ‘मावठ’ म्हणतात; परंतु तेथे तिची वाट पाहिली जाते. शेतात गहू, हरभरा, मोहरी उभी असते, विहिरींचे पाणी खोल गेलेले असते, अशा वेळी आभाळातून पडणारे हे थेंब शेतकऱ्याला सोन्याचे वाटतात. दोन्हींमागची कारणे दरवेळी एकच असतात असे नाही. तरीही जवळजवळ एकाच नावाचा पाऊस एका प्रांतात शाप आणि दुसऱ्या प्रांतात वरदान ठरावा, ही गंमत जयपुरात नव्याने बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाच्या लवकरच ध्यानात येते. आमेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जे सरोवर आहे त्याचेही नाव मावठाच. तेव्हा हा शब्द तेथे विसरू म्हटले तरी विसरता येत नाही.

ही मावठ पश्चिमेकडून येते. भूमध्य समुद्राच्या परिसरात हिवाळ्यात जी वादळी क्षेत्रे निर्माण होतात, त्यांतील काही उंच आकाशातून वेगाने वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहात सापडून पूर्वेकडे सरकतात, आणि इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून आपल्या वायव्य सीमेवर येऊन पोचतात. हवामानखात्याच्या भाषेत यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. डिसेंबरपासून मार्चपर्यंत दर महिन्यास असे चार-सहा पाहुणे येऊन जातात. काही बलवान, काही नावापुरते. मोसमी वारे समुद्रावरून जमिनीलगत येतात; हे मात्र मुख्यतः उंचावरून येतात. पुढे हिमालयाची भिंत लागली की हवेला वर चढावे लागते, वर चढताना ती निवते, आणि तिच्यातील बाष्पाचे हिम होते. हे हिम पीर पंजालच्या रांगांवर पडते, आणि गुलमर्ग याच रांगांच्या उत्तर अंगाला आहे. विक्षोभ पुरेसा जोरकस असेल, तर त्याच वेळी दक्षिणेस, राजस्थानच्या बाजूला, जमिनीलगत कमी दाबाचे एक दुय्यम क्षेत्र तयार होते. ते अरबी समुद्रावरील दमट हवा आपल्याकडे ओढून घेते, आणि जयपूरवर मावठ बरसते. तात्पर्य, जयपूरचा गहू आणि गुलमर्गचा स्कीपटू हे दोघेही एकाच पाहुण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात.

आता गच्चीवर चला. विक्षोभ जवळ येऊ लागला की पहाटेची थंडी एकाएकी ओसरते. खांद्यावरची शाल खाली येते, आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘गेली बाई थंडी’ म्हणून मोकळी होतात. थंडी गेलेली नसते. वायव्येकडून येणारा कोरडा वारा थांबून तो पूर्वेकडून अथवा आग्नेयेकडून वाहू लागलेला असतो, आणि त्याच्यासोबत ओलसर हवा आलेली असते. पश्चिमेच्या आकाशात, फार उंचावर, पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे ढग दिसू लागतात. हे ढग पाण्याचे नसून बर्फाच्या सूक्ष्म कणांचे असतात. म्हणजे भर जयपुरात डोक्यावर बर्फ असतोच, फक्त तो आठ-दहा किलोमीटर उंचीवर असतो. याच कणांतून चांदणे वळून येते आणि चंद्राला खळे पडते. नंतर ढगांचा पडदा दाट व करडा होतो, बुरबुर सुरू होते, कधी गडगडाट होऊन गाराही पडतात. एक-दोन दिवसांत आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, वारा पुन्हा वायव्येकडे फिरतो, आणि मग पहाटे धुके व कडाक्याचा गारठा सुरू होतो.

याच दोन-तीन दिवसांत गुलमर्गला हिमवर्षाव होत असतो. मात्र चंद्राला खळे पाहिले आणि सामान बांधले, अशी घाई करू नये. पुष्कळ विक्षोभ उत्तरेकडूनच निघून जातात आणि जयपुरास त्यांची झुळूकही लागत नाही. उलट काही राजस्थानात गारा टाकतात पण काश्मीरच्या वाट्याला थोडेच देतात. गच्चीवरून मिळते ती सूचना. निर्णयासाठी जयपूर व श्रीनगर येथील हवामानकेंद्रांची पत्रके पाहावीत. हवामानखाते आता हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा अशा चार रंगांत इशारे देते, आणि ते समजण्यास पदवी लागत नाही.

येथे एका समजुतीचा थोडा परामर्श घेतला पाहिजे. ‘पहाडात बर्फ पडला, म्हणून इकडे थंडी आली,’ हे वाक्य जयपुरात प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येते, वर्तमानपत्रांतही छापले जाते. त्यात अर्धे सत्य आहे. विक्षोभ पुढे सरकल्यावर त्याच्या पाठीमागून उत्तरेची थंड व कोरडी हवा खाली उतरते, आणि आकाश निरभ्र झाल्यामुळे रात्री जमीन आपली उष्णता वेगाने गमावते. थंडीची ही दोन प्रमुख कारणे. बर्फ आणि थंडी ही भावंडे आहेत. एकाने दुसरीला जन्म दिला असे म्हणणे बरोबर नाही.

जयपूरच्या माणसाने आकाश वाचावे यात नवे काही नाही, कारण हे नगरच आकाश वाचणाऱ्या राजाने वसविले. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये जयपूरची स्थापना केली आणि १७३४ च्या सुमारास येथील वेधशाळा, म्हणजे आजचे जंतरमंतर, पूर्णत्वास नेली. त्यांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे मानले जाते. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणली, आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाला ‘सिद्धान्तसम्राट’ हे रूप दिले. याच जंतरमंतरातील सम्राट यंत्राच्या माथ्यावर आषाढी पौर्णिमेस सूर्यास्ताच्या वेळी ज्योतिषी ध्वज घेऊन चढतात, आणि वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहून पावसाचे भाकीत करतात. वाऱ्याच्या अशा परीक्षेचा विचार वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहे. एका सायंकाळच्या वाऱ्यावरून चार महिन्यांचा पाऊस सांगता येतो, हे आजच्या शास्त्रास मान्य होणार नाही, आणि प्रस्तुत लेखकासही नाही. परंतु नगरातील सर्वांत उंच पायरीवर जाऊन, वारा कोठून येतो हे डोळ्यांनी पाहून मग बोलावे, ही शिस्त मात्र मोलाची आहे. स्कीच्या उतारावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे: काल रात्री वारा कोठून होता?

तो प्रश्न का महत्त्वाचा, हे समजण्यासाठी आधी बर्फाकडे थोडे जवळून पाहू.

आपल्या भाषेत पेल्यातला खडाही बर्फ आणि आकाशातून पिसासारखा उतरतो तोही बर्फच. काश्मिरी भाषेत या दुसऱ्याला ‘शीन’ असे निराळे नाव आहे. हा शीन म्हणजे गोठलेला पाऊस नव्हे. ढगातील बाष्प द्रवरूप न होता थेट स्फटिकरूप होते, आणि तो स्फटिक कसा वाढतो हे त्या जागच्या तपमानावर व आर्द्रतेवर अवलंबून असते. जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढविला आणि हा संबंध उलगडून दाखविला. उणे पंधरा अंशांच्या आसपास सहा फांद्यांचे नाजूक तारे होतात. उणे पाचच्या सुमारास बारीक सुया. ताऱ्यांचा बर्फ पडला तर फांद्यांमध्ये हवा अडकून तो पिंजलेल्या कापसासारखा हलका राहतो. असा हलका, कोरडा बर्फ ही स्कीपटूंची मिरासदारी. गुलमर्गची ख्याती त्यासाठीच आहे.

म्हणून ‘तीस सेंटिमीटर बर्फ पडला’ या वाक्याला एकच अर्थ नसतो. साधारण हिशेब असा की दहा सेंटिमीटर ताज्या बर्फात एक सेंटिमीटर पाणी असते. जयपुरात वीस मिलिमीटर मावठ झाली तर लोक आठवडाभर तिच्या गोष्टी करतील. तेवढेच पाणी गुलमर्गला वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर बर्फ होऊन पडेल. हवा फार थंड असेल तर तेवढ्याच पाण्याचा थर कितीतरी जाड व भुसभुशीत होतो. शून्याच्या जवळपास असेल तर तो पातळ, ओला आणि जड होतो. ओल्या बर्फात नवशिक्याचे गुडघे वळतात. गृहिणींना सांगावयाचे तर, एक पीठ चाळून भरलेले आणि दुसरे दाबून भरलेले. डबा तोच, वजन निराळे.

आणि उंचीप्रमाणे हे सारे बदलते. हवा वर जाताना दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश निवते. गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून निघणाऱ्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा, जो १९९८ मध्ये सुरू झाला, सुमारे ३,०८० मीटरवरच्या कोंगदूरीला नेतो, आणि २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत. खालच्या आणि वरच्या टोकात आठ अंशांचे अंतर सहज पडते. तेव्हा खाली पाऊस, मध्ये ओला बर्फ आणि माथ्यावर कोरडा बर्फ, अशी तीन हवामाने एकाच वेळी असू शकतात. बर्फाच्या पत्रकात ‘तळाशी’ आणि ‘माथ्यावर’ असे दोन आकडे दिलेले असतात ते याचसाठी. आपल्यासोबत लहान मुले असतील, किंवा आपण प्रथमच स्की बांधणार असाल, तर माथ्यावरचा मोठा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. नवशिक्यांचे शिक्षण खालच्या मैदानावर होते, तेव्हा आपला आकडा तळाचा.

बर्फ पडून गेला म्हणजे गोष्ट संपली असेही नाही. खरी गोष्ट त्यानंतरच्या रात्रींची आहे. जयपूर जिल्ह्यात जोबनेर नावाचे गाव आहे, तेथील कृषी विद्यापीठामुळे प्रसिद्ध. हिवाळ्यात तेथील पारा शून्याखाली गेल्याच्या बातम्या वरचेवर येतात, आणि शेतातल्या पानांवरचे दहिवर गोठून पांढरा थर दिसतो. याला तिकडे ‘पाला पडला’ म्हणतात. असे घडते ते निरभ्र, निवांत रात्री: ढगांचे पांघरूण नाही, वारा नाही, आणि जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते. वरची हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पानाचा पृष्ठभाग शून्याखाली जातो. शेतकरी त्या रात्री पिकाला हलके पाणी देतो किंवा बांधावर धूर करतो. यंत्रे येण्यापूर्वी उत्तर भारतात उथळ मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवून हिवाळ्यात बर्फ केला जाई, तोही याच न्यायाने.

आता हीच रात्र गुलमर्गला कल्पून पाहा. निरभ्र आकाशाखाली बर्फाचा पृष्ठभाग हवेहूनही थंड होतो, आणि त्याच्यावर हवेतील बाष्प पिसांसारख्या उभ्या पापुद्र्यांत गोठते. सकाळच्या उन्हात ते लखलखते, आणि पाहुणे भान हरपून छायाचित्रे काढतात. ते पापुद्रे सुंदर खरे, पण त्यांच्यात बळ नसते. पुढच्या विक्षोभाने त्यांच्यावर अर्धा मीटर नवा बर्फ टाकला की ते खाली पुरले जातात, आणि आठवडेच्या आठवडे तेथे एक कच्चा सांधा राहून जातो. वरून पाहणाऱ्याला सारे सपाट, शुभ्र आणि निर्धास्त दिसते.

वाऱ्याचा प्रश्न येथे येतो, आणि येथे राजस्थानचा माणूस इतरांहून जाणता ठरावा. वाळूची टेकडी वारा कशी रचतो हे त्याने पाहिलेले असते. वारा ज्या बाजूने येतो तिकडची वाळू उचलतो, माथ्यावरून पलीकडे नेतो, आणि आडोशाच्या अंगाला टाकतो. ती तेथे साचत साचत अशा चढाला येते की आणखी मूठभर पडली तर घसरून खाली जाते. बर्फ अगदी असेच वागतो. आकाशातून कणभर न पडताही, एका रात्रीच्या वाऱ्याने आडोशाच्या उतारावर हातभर थर चढू शकतो. फरक एवढाच की वाळू सुटी राहते, तर वाऱ्याने कुटलेला बर्फ एकमेकांस बिलगून पाटासारखा घट्ट होतो. असा पाट जर त्या पुरलेल्या पापुद्र्यांवर बसला असेल, तर एका माणसाच्या भाराने तो कडकन तुटतो आणि सबंध उतार खाली धावतो. हेच हिमस्खलन.

कोणता उतार धोक्याचा, हे ओळखण्यास जयपूरकरांजवळ एक उत्तम माप आहे, आणि ते दगडाचे आहे. सम्राट यंत्राची जी प्रचंड तिरपी भिंत आहे, सुमारे सत्तावीस मीटर उंच, जिच्या पायऱ्यांवरून ध्वज घेऊन ज्योतिषी चढतात, तिचा तिरपेपणा जयपूरच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सत्तावीस अंशांच्या आसपास आहे. भिंतीची कड ध्रुवाकडे रोखलेली असावी म्हणून जयसिंगांनी ती तशी बांधविली. पुढच्या वेळी जंतरमंतरात जाल तेव्हा त्या भिंतीसमोर, थोडे बाजूला, क्षणभर उभे राहा आणि तो उतार डोळ्यांत साठवून घ्या. एवढ्या उतारावर बर्फाचा थर सहसा टिकून राहतो. याहून थोडे अधिक, तीस अंश झाले, की धोक्याचा प्रदेश सुरू होतो, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांमध्ये बहुतेक हिमस्खलने होतात. फार उभ्या कड्यांवर बर्फ साठतच नाही. गुलमर्गचा अक्षांश चौतीस अंश आहे; तेव्हा सम्राट यंत्र कोणी तेथे बांधले असते, तर त्याचीच उतरण धोक्यात मोडली असती! एक गोष्ट मात्र विसरू नये: आपण उभे आहोत ती जागा सपाट असून चालत नाही. वरच्या उताराचा माल खालच्या सपाटीवरच येऊन पडतो.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणाऱ्या लष्कराच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळून सतरा जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाचा एक. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला जिवंत काढण्याची खरी संधी पहिली दहा-पंधरा मिनिटेच असते, त्यानंतर ती झपाट्याने ओसरते. म्हणजे मदत बाहेरून येईतो बहुधा उशीर झालेला असतो. जवळच्या सोबत्याने शोधले तरच शोधले.

सरकारने या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाने १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था काढली; २०२० मध्ये तिचे रूपांतर डिफेन्स जिओइन्फर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या चंडीगढच्या संस्थेत झाले. ही संस्था हिवाळ्यात जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे देते. धोका पाच पायऱ्यांत मोजण्याची जगभर रूढ असलेली पद्धत अशी की पहिली पायरी म्हणजे अल्प धोका आणि पाचवी म्हणजे अत्यंत. चौथी-पाचवी असेल तर बहुधा कोणी बाहेर पडतच नाही. फसवी असते ती तिसरी. ‘मध्यमच तर आहे’ असे म्हणून लोक निघतात, आणि जगात अपघातांची मोठी संख्या याच पायरीवर घडते. वाचकांनी परीक्षेतल्या गुणांप्रमाणे पाचांपैकी तीन म्हणजे बरे, असा अर्थ कृपा करून घेऊ नये.

कुटुंबवत्सल माणसासाठी वागणूक सोपी आहे. दोरी बांधून आखलेल्या, गस्त असलेल्या उतारांची मर्यादा ओलांडू नये. मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला निरभ्र दिवस सर्वांत मोहक आणि सर्वांत संशयास्पद असतो, हे लक्षात ठेवावे. जोराच्या वाऱ्यामुळे किंवा ताज्या बर्फामुळे रज्जुमार्गाचा वरचा टप्पा बंद ठेवला असेल, तर खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नये; तो आपली सहल बिघडवीत नसून आपल्यासाठीच ती बंद ठेवतो. आणि मुक्काम असा ठरवावा की एक-दोन दिवस बिनस्कीचे गेले तरी चालेल. परतीचे तिकीट घट्ट आणि बर्फ मोकळा, ही जोडी जमत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काश्मीरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा जो कडक थंडीचा काळ असतो त्याला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ व दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ थंडीमुळे टिकतो, गोठतो, वर्षभराच्या झऱ्यांना पुरतो. नंतर पडलेला लवकर वितळतो. म्हणून एकूण बर्फ तेवढाच पडूनही तो केव्हा पडला यावर सारे अवलंबून असते. जानेवारी २०२४ मध्ये चिल्लई कलानचे बरेच दिवस कोरडे गेले, आणि गुलमर्गच्या मैदानावर वाळलेले गवत दिसत होते. बर्फ आला तो महिना संपताना. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गला ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये पार पडल्या. विक्षोभ रुसले की स्कीपटूचा हंगाम जातो हे खरे, परंतु त्याच वेळी खाली मैदानातला शेतकरीही कोरड्या आभाळाकडे पाहत असतो. त्याचे नुकसान अधिक मोठे, आणि त्याची बातमी मात्र लहान.

यंत्राने बर्फ करता येतो, असे कोणी म्हणेल. उत्तराखंडातील औली येथे तशी यंत्रे बसविलेली आहेत. पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडवावयाचे आणि ते खाली येईतो गोठू द्यावयाचे, अशी ती युक्ती. पण त्यासाठी हवा नुसती थंड असून भागत नाही, कोरडीही असावी लागते. जयपूरच्या घरोघरी असलेला वाळ्याच्या पडद्यांचा कूलर वैशाखात खोली गार करतो आणि श्रावणात नुसता ओलावा पसरवितो. तेथे जो नियम, तोच येथे. निसर्गाने हात आखडता घेतला तर यंत्रही फार काही देऊ शकत नाही.

कपड्यांविषयी दोन शब्द पुरेत. सुती कपडा अंगाशी घालू नये. तो घामाने भिजला की वाळत नाही आणि शरीराची ऊब शोषून घेतो. लोकरीचा पातळ सदरा, त्यावर उबदार थर, त्यावर वारा अडविणारा कोट, असे तीन थर एका जाड कोटापेक्षा चांगले. ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही काळा चश्मा हवाच. मुलांना तर निश्चितच. आणि पहाटे गुलमर्गचे मैदान वरच्या उतारांहूनही अधिक थंड भासले तर नवल मानू नका. ते मैदान बशीसारखे आहे, रात्री थंड हवा जड होऊन त्यात साठते. हिवाळ्यातल्या पहाटे नाहरगडावरून जयपूर धुक्यात बुडालेले आणि गडाचा बुरूज मात्र उन्हात, असे दृश्य ज्याने पाहिले असेल, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मार्च लागला की बर्फाची प्रकृती बदलते. दिवसा तो वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि असे पुष्कळदा झाले म्हणजे त्याचे तारे-सुया नाहीसे होऊन साबुदाण्यासारखे गोल दाणे होतात. सकाळी नऊपर्यंत उतार काचेसारखा कडक असतो आणि पडल्यास हाड मोडते. दहा ते बारा या वेळात वरचा बोटभर थर मऊ होतो, आणि नवशिक्यासाठी याहून सुखाची वेळ नाही. दुपारनंतर सारे पाणचट होऊन पाय रुततात, उभ्या उतारांवरून ओला बर्फ घसरू लागतो. तेव्हा मार्चमध्ये गेलात तर लवकर उठा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत या. त्याच दिवसांत जयपुरात होळी उलटून गणगौरीची गाणी सुरू झालेली असतात, मोहरी कापून खळ्यावर आलेली असते, आणि गच्चीवर पुन्हा एकदा पूर्वेचा वारा सुटतो, पहाट उबदार होते, चंद्राला खळे पडते. हा उशिराचा विक्षोभ गारा घेऊन आला तर खळ्यावरच्या ढिगांवर ताडपत्री टाकण्यासाठी रात्री धावपळ होते. आणि त्याच रात्री अफरवटच्या माथ्यावर वीतभर कोरडा बर्फ पडत असतो, तर खाली गुलमर्गच्या मैदानावर नुसता पाऊस.